फिलिपिन्सच्या गनिमांवर सेमिनार द्यायचाय? असं करा

एमएची पोरं अमेरिकन सेनापती मॅकआर्थर २० ऑक्टोबर १९४४ ला लेयटे बेटावर उतरला इथूनच सुरू करतात, तसं करू नका. मे १९४२ पासून धरा. मनिलाजवळचा कोरेगिडोरचा बेटकिल्ला जपान्यांच्या हाती पडला, अमेरिकन-फिलिपिनो फौज शरण गेली, पण बरेच जण डोंगरात पळाले अन् बेटाबेटावर गनिमी काव्यानं लढणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, तेच हे गनीम. अडीच वर्षांचं हे काम आधी सांगितलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, एकीकडं अमेरिकन फौजेनं काय दिलं, दुसरीकडं गनिमांनी. फौजेची बाजू पटकन भरते: पाणबुडीनं पोचवलेल्या बंदुका, वायरलेस, औषधं अन् मान्यता. मान्यतेला किरकोळ समजू नका, टोळ्यांत म्होरक्या कोण यावरून लई भांडणं होती, मिंदानाओत फर्टिग, पनायमध्ये पेराल्टा असं वरूनच ठरवून दिल्यावर जरा घडी बसली.

गनिमांच्या बाजूला नुसतं 'माहिती पुरवली' लिहून मोकळं होऊ नका, एक छापा नीट सांगा. कबानातुआनचा घ्या, ३० जानेवारी १९४५. अमेरिकन रेंजर्स तुकडीचा प्रमुख मुची आदल्याच रात्री जपान्यांच्या तुरुंगछावणीवर जायला निघाला होता, पण जवळच्या रस्त्यानं जपानी फौज चाललीय, आज गेलात तर मेलात असं गनिमांचा कॅप्टन पाहोता म्हणला अन् मुचीनं चक्क एक दिवस थांबवलं. गावातली कुत्री भुंकू नयेत म्हणून तोंडं बांधायला लावली, कोंबड्या डालायला लावल्या. छापा चालू असताना पाहोतानं काबूच्या पुलावर जपान्यांना अडवून धरलं, दुसऱ्या बाजूचा रस्ता दुसरा गनिमी म्होरक्या होसोन याच्या लोकांनी धरला. पाचशेच्या वर कैदी सुटले, चालता न येणारे रेड्यांच्या गाड्यांत. ह्याला निदान पाच मिनिटं द्या.

सर आपल्याकडचं विचारणारच, मराठवाड्यात १७ सप्टेंबर, म्हणजे निजामापासून सुटकेचा दिवस, सोडून कुणी पुढं जात नाही. तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेरचे सरहद्दीवरचे कॅम्प सांगा, पण 'सेम टू सेम' म्हणू नका. आपले कॅम्प भारताच्या हद्दीत होते, मागं मोकळा मुलूख होता, तिकडं काडतूससुद्धा समुद्राखालून यायचं.

शेवटी हुकबलाहाप ही गनिमांची डावी संघटना घ्याच, पोरं इथंच कापतात. जपान्यांशी लढले तेही, पण डावे, जमीनदारांच्या विरोधातले, म्हणून अमेरिकनांनी त्यांच्याकडून हत्यारं काढून घेतली अन् १९४५ मध्येच त्यांचा म्होरक्या तारुक याला आत टाकलं. कुणी विचारलं की मान्यता द्यायची कुणाला हे ठरवायचं कोण, तर वहीतलं तेच पान दाखवा.