दोन शहरांतील ईपीएबीएक्स व्हीओआयपी गेटवेने जोडताना: नव्या तंत्रज्ञांसाठी अनुभवाचे बोल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कंपनीचे मुख्य कार्यालय आणि नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील तिचा कारखाना यांच्या ईपीएबीएक्स यंत्रणा (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्सचेंज) मी प्रथम व्हीओआयपी गेटवेने, म्हणजे टेलिफोनचा आवाज इंटरनेटच्या पॅकेटमध्ये बदलून पाठवणाऱ्या उपकरणाने, जोडल्या, तेव्हा माझी सगळी तयारी नेटवर्कची होती. राउटर, व्हीपीएन, आयपी पत्ते यांवर माझा हात बसलेला होता; टेलिफोनच्या दोन तारांकडे मात्र जुनी गोष्ट म्हणून मी कधी लक्ष दिले नव्हते. आज या कामात येणारी मुले-मुली बहुधा नेटवर्किंगचा अभ्यासक्रम करून येतात आणि त्यांचीही स्थिती तशीच असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ अखेर गेटवे आणि ईपीएबीएक्स यांना जोडणाऱ्या दोन मीटर तांब्याच्या तारेत सापडले आहे.

एफएक्सएस आणि एफएक्सओ या टेलिफोन पोर्टच्या दोन प्रकारांतील फरक पाठ करण्यापेक्षा हाताने तपासून समजून घ्यावा. एफएक्सएस पोर्ट तारेवर व्होल्टेज पुरवतो, डायल टोन देतो आणि घंटी वाजवतो. एफएक्सओ पोर्ट हे सारे स्वीकारतो, म्हणजे तो टेलिफोन संचासारखा वागतो. ईपीएबीएक्सचा एक्स्टेन्शन पोर्ट हा पुरवणारा असतो, तर ज्यावर एरवी टेलिफोन कंपनीची लाइन येते तो ट्रंक पोर्ट स्वीकारणारा असतो. त्यामुळे गेटवेचा एफएक्सएस ट्रंकला जोडायचा आणि एफएक्सओ एक्स्टेन्शनला. दोन पुरवणारे किंवा दोन स्वीकारणारे पोर्ट एकमेकांना जोडले तर काहीच चालत नाही. शंका आली तर क्रोनवर (टेलिफोनच्या तारांच्या जोड्या जेथे बसवतात त्या पट्टीवर) मल्टिमीटर लावावा. मोकळ्या लाइनवर ४८ व्होल्टच्या, छोट्या ईपीएबीएक्सवर कधी २४ व्होल्टच्या आसपास डीसी दिसला, तर तो पुरवणारा पोर्ट समजावा. तारेची उघडी टोके मात्र हातात धरू नयेत, कारण नेमक्या त्या क्षणी कोणी तो नंबर फिरवला तर घंटीचा साधारण ७५ ते ९० व्होल्टचा एसी झटका बसतो.

या ग्राहकाकडे दोन्ही ठिकाणी ट्रंक पोर्ट शिल्लक नव्हते, एक्स्टेन्शन मात्र मोकळी होती. म्हणून मी दोन्हीकडे चार-चार एफएक्सओ पोर्टांचे गेटवे बसवले आणि ते एक्स्टेन्शनवर घेतले. चाचणीत आवाज स्वच्छ आला, सगळे समाधानी झाले. तिसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू झाली की, सकाळी लाइन मिळते, पण अकराच्या सुमारास चारही पोर्ट व्यस्त होतात आणि गेटवे बंद करून सुरू केल्याशिवाय मोकळे होत नाहीत. मी इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवली, राउटरचे फर्मवेअर बदलले, व्हीपीएन नव्याने उभारला, आणि यात तीन दिवस गेले. रिसेप्शनवरच्या ऑपरेटर मॅडम वेळा वहीत टिपून ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, लाइन कट होत नाहीये हो. बोलणं झाल्यावर ती सुटतच नाही.” हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, मी ते नीट ऐकून घेतले असते तर ग्राहकाचे तीन दिवस वाचले असते.

त्या संध्याकाळी कार्यालय रिकामे झाल्यावर मी अडकलेल्या पोर्टच्या तारेवर टेस्टिंगचा फोन लावला. बोलणारे दोघे तासाभरापूर्वी घरी गेले होते, तरी त्या लाइनवर दोन बिझी टोन एकमेकांत मिसळून वाजत होते. एक जवळचा आणि मोठा, दुसरा किंचित मंद आणि मागे पडणारा. ठाण्याचा ईपीएबीएक्स आपला बिझी टोन नाशिकला ऐकवत होता आणि नाशिकचा ठाण्याला. दोन्ही बाजूंनी फोन ठेवले गेले, तेव्हा दोन्ही ईपीएबीएक्सनी आपापल्या एक्स्टेन्शनवर बिझी टोन सोडला होता. पण गेटवेला तो ओळखता न आल्याने, संभाषण अजून चालूच आहे असे समजून, दोन्ही गेटवे सेकंदाला पन्नास पॅकेट या गतीने ते टोन इमानेइतबारे वाहून नेत होते.

कारण साधे होते. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा असतो आणि तो पाऊण सेकंद वाजून पाऊण सेकंद थांबतो. या दोन्ही ईपीएबीएक्सचा टोनही तसाच होता. गेटवेची मूळ मांडणी मात्र अमेरिकेची होती, आणि तेथे ४८० व ६२० हर्ट्झ असे दोन स्वर एकत्र, अर्धा सेकंद चालू व अर्धा सेकंद बंद असे वाजतात. गेटवेमध्ये देश बदलून भारत केला, टोनची वेळ स्टॉपवॉचने ताडून पाहिली आणि चारही पोर्ट काही सेकंदांत सुटू लागले. ईपीएबीएक्स पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल जुळताना व तुटताना तारेवरील धन-ऋण उलटवून दिलेली खूण) देत असेल, तर टोनपेक्षा त्यावर विसंबणे अधिक चांगले. आणि निदान एका बाजूला ट्रंक पोर्ट मिळत असेल, तर तेथे एफएक्सएस वापरावा. फोन ठेवताच ट्रंक पोर्ट सर्किट तोडतो, ते एफएक्सएसला तत्काळ कळते आणि टोन ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. आता मी गेटवे मागवण्याआधी हे विचारून घेतो.

बँडविड्थचा हिशेब नव्या लोकांना अवघड वाटतो, प्रत्यक्षात तो पाटीवर मांडता येतो. जी.७११ कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. वीस मिलिसेकंदांच्या पॅकेटवर आयपी, यूडीपी आणि आरटीपी यांची ४० बाइटची भर पडते आणि इथरनेटसह एका बाजूचा आकडा सुमारे ८७ किलोबिटवर जातो. जी.७२९ या दुसऱ्या कोडेकमध्ये तोच ३१ च्या आसपास राहतो. व्हीपीएनची भर यावर वेगळी. चार संभाषणांसाठी जी.७११ वापरले तरी एकेका दिशेला साधारण ३५० किलोबिट लागतात, आणि आजच्या जोडण्यांवर ते फार नाही. अडचण येते ती संध्याकाळी लेखा विभागाचा बॅकअप अपलोडला लागतो तेव्हा. म्हणून राउटरवर आवाजाच्या पॅकेटला प्राधान्य द्यावेच. एका बाजूचा आवाज ऐकू येत नसेल, तर बहुधा नॅट (राउटरने केलेली आयपी पत्त्यांची अदलाबदल) किंवा राउटरमधील सिप एएलजी (कॉल जुळवणाऱ्या संदेशांत फेरफार करणारी सोय) कारण असते. एएलजी बंद करून पाहावे. प्रतिध्वनी ऐकू येत असेल, तर पुन्हा तांब्याकडे वळावे, कारण दोन तारांचे चार तारांत रूपांतर होते तेथे इम्पिडन्स (तारेचा एसी संकेताला होणारा विरोध) जुळला नाही की आवाज परत फिरतो, आणि पलीकडच्या माणसाला स्वतःचाच शब्द ऐकू येतो.

कायद्याची बाजू मी आवर्जून सांगतो, कारण ती शिकवली जात नाही. ठाण्याच्या माणसाने नाशिकच्या एक्स्टेन्शनशी बोलणे हा कंपनीचा अंतर्गत संवाद आहे. पण ठाण्याचा कॉल या जोडणीवरून नाशिकला नेऊन तेथील सार्वजनिक लाइनवर बाहेर काढणे म्हणजे परवानाधारक कंपनीचा मार्ग चुकवणे होय, आणि या टोल बायपासला परवानगी नाही. म्हणून गेटवे ज्या एक्स्टेन्शनवर आहे, तिच्या क्लास ऑफ सर्व्हिसमधून (कोणत्या एक्स्टेन्शनला कोणते कॉल करता येतील याची ईपीएबीएक्समधील मांडणी) शून्य लावून बाहेर जाण्याची सोय काढून टाकावी. ट्रंकवर असेल तर ट्रंक ते ट्रंक जोडणी बंद करावी. ग्राहक कितीही आग्रह करो, ही सोय देऊ नये. याच बंदोबस्तामुळे, गेटवेचा पासवर्ड उद्या कोणाच्या हाती लागला, तरी रात्रीतून परदेशी कॉलचे बिल येत नाही.

नंबरांची आखणी तारा जोडण्याआधी कागदावर करावी. येथे दोन्हीकडे २०१ पासूनच एक्स्टेन्शन सुरू होत होती, त्यामुळे पलीकडच्या नंबराआधी ७ लावायचा असे ठरवले आणि कोणाचाही जुना नंबर बदलला नाही. काम सोपवताना मी दोन्ही शहरांतून एकेक कॉल लावून घेतो. एकदा ठाण्याने आधी फोन ठेवायचा, एकदा नाशिकने, आणि दोन्ही वेळा पोर्टचा दिवा किती सेकंदांत विझतो ते लिहून ठेवतो. तो आकडा, कोणती जोडी कोणत्या पोर्टला आहे याचा तक्ता आणि बिझी टोनची वेळ असलेला कागद क्रोनच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला असतो.