ॲन आर्बरमधला पहिला फॉल, अभ्यास आणि फुटबॉल: नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

मिशिगन युनिव्हर्सिटीत मास्टर्सला येणारी आपली मुलं मेसेज करून व्हिसा, रूम, कुकर, मसाले सगळं विचारतात, पण फुटबॉलचं (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळायचा तो, सॉकर नव्हे) कोणी विचारत नाही. आणि इथे आल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर अख्खं गाव त्यावरच चालतं. मी 2023 च्या फॉलमध्ये आले, म्हणजे नेमका तो सीझन ज्यात युनिव्हर्सिटीची टीम 15-0 गेली (पंधराच्या पंधरा मॅच जिंकली) आणि 1997 नंतर पहिल्यांदा नॅशनल चॅम्पियन झाली. त्यामुळे माझं मत थोडं बायस्ड आहे, चालवून घ्या.

आधी कामाचं. स्टुडंट सीझन तिकिटं उन्हाळ्यातच निघतात, तेव्हा ॲडमिशन पक्की झाली की युनिव्हर्सिटीचा मेल बघत जा. सेमिस्टर सुरू झाला की होम मॅचच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या शनिवारी ग्रुप प्रोजेक्टची मीटिंग, घर शिफ्टिंग, ग्रोसरी काहीही ठेवू नका. स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात म्हणजे साधारण तीन वानखेडे, आणि गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आता ट्रॅफिकचं काय होत असेल तुम्हीच बघा. इंजिनिअरिंगवाले नॉर्थ कॅम्पसला राहतात आणि स्टेडियम पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून बसवर विसंबू नका, लवकर निघा. बॅग घरीच ठेवा, गेटवर अडवतात. बाहेरून स्टेडियम बघून वाटतं, एवढंसंच? कारण बराचसा भाग जमिनीखाली खोदलेला आहे, आत शिरलात की तुम्ही वरच्या कडेला उभे असता आणि सगळं खाली दिसतं. सीट म्हणजे ॲल्युमिनियमचा लांब बाक आणि त्यावर एक नंबर, त्यातही स्टुडंट सेक्शनमध्ये कोणी बसतच नाही, तीन-साडेतीन तास उभं राहायचं. (खेळ फक्त 60 मिनिटांचा, बाकी सगळ्या टीव्हीच्या जाहिराती.)

नियमांचं टेन्शन घेऊ नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की परत चार मिळतात, टचडाउनचे (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की) सहा आणि वर किकचा एक, नुसत्या फील्ड गोलचे (बॉल खांबांमधून किक मारला की) तीन, सुरुवातीला एवढं पुरतं. मला खरा खेळ कळला तो पेन स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्धच्या मॅचला. 11 नोव्हेंबर, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, आम्ही सगळे एका रूमवर चकल्या खात टीव्हीसमोर. आणि मिशिगनने लागोपाठ 32 वेळा नुसता बॉल घेऊन पळायचं काम केलं, दुसऱ्या हाफमध्ये रेकॉर्डवर एकही पास नाही! समोरच्याला माहितीये काय येणार, तरी थांबवता येत नाही. 24-15 जिंकले. कोच जिम हार्बॉला आदल्याच दिवशी सस्पेंड केलेलं, समोरच्या टीमचे इशारे चोरून रेकॉर्ड केल्याच्या प्रकरणात, म्हणून त्याच्या जागी असिस्टंट कोच शेरॉन मूर उभा होता आणि मॅचनंतर तो कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. सीझनच्या सुरुवातीलाही तीन मॅच हार्बॉ बाहेरच होता, वेगळ्या कारणासाठी. या विषयावर लॅबमध्ये मत देऊ नका, विशेषतः पहिल्या सेमिस्टरला. नुसतं "हो ना, कठीण आहे" म्हणायचं.

लॅबवरून आठवलं, मी पहिले काही आठवडे लोकांशी काय बोलायचं या विचारातच असायचे. सोमवारी सकाळी "शनिवारी बघितलीस का" एवढ्यावर सीनियर पीएचडीवाले अर्धा तास बोलतात, मग तेच नंतर कोड बघून देतात, कुठल्या प्रोफेसरकडे फंडिंग आहे ते सांगतात. करिअर फेअरलाही असंच. स्टॉलवर बरेचदा इथलाच जुना विद्यार्थी असतो, त्याला रेझ्युमे द्यायच्या आधी मॅचचं एक वाक्य टाकलं तर माणूस खुलतो. नोकरी लागत नाही त्याने, पण नाव लक्षात राहतं. आणि मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये पार्टटाइम काम मिळतं असं कोणी सांगितलं तर आधी इंटरनॅशनल सेंटरला विचारा, बाहेरच्या कंत्राटदाराचं काम असेल तर ते एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वर ऑन-कॅम्पस धरतीलच असं नाही.

क्रिकेटचं काय, हा प्रश्न येणारच. त्या वर्षी वर्ल्ड कप पण होता. 14 ऑक्टोबरला भारत-पाकिस्तान इथल्या पहाटे साडेचारला सुरू, पाकिस्तान 191 वर ऑल आउट, साडेदहा-अकरापर्यंत आपण जिंकून मोकळे, आणि बाराला इंडियानाविरुद्ध होम मॅच. आम्ही न झोपता तसेच गेलो. इंडियानाने आधी टचडाउन मारून 7-0 केलं, म्हटलं आता इथे हरतायत की काय, तर पुढचे 52 पॉइंट सगळे मिशिगनचे. पुढच्या महिन्यात मात्र उलटं झालं, 18 तारखेला मेरीलँडला हरवून टीमने हजारावा विजय घेतला, कॉलेज फुटबॉलमध्ये आधी कोणीच तिथे पोचलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अहमदाबादची फायनल बघितली. त्याबद्दल बोलायचं नाही.

ओहायो स्टेटची (मिशिगनचे जुने कट्टर प्रतिस्पर्धी) मॅच थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी असते, दोन्हीकडे आळीपाळीने. होम असेल तर तिकीट विकायचा मोह होईल, भाव खूप चढतो, महिन्याचं भाडं सुटेल असं वाटतं. माझं मत, पहिल्या वर्षी विकू नका. 2023 ला 17-17 असताना आपल्या टीमच्या झॅक झिंटरचा पाय मोडला, सगळं स्टेडियम गप्प, त्याला गाडीवरून नेलं आणि लगेच पुढच्याच प्लेला आपलाच ब्लेक कोरम 22 यार्ड पळून टचडाउन, आणि हाताने सहा-पाच, झिंटरचा 65 नंबर दाखवतोय. शेवटी 30-24 जिंकलो. तेव्हा माझ्या बाजूच्या अनोळखी आजोबांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

पुढे अलाबामाशी रोझ बोल (म्हणजे सेमीफायनल) ओव्हरटाइममध्ये 27-20 जिंकली आणि 8 जानेवारीला ह्यूस्टनमध्ये फायनलला वॉशिंग्टनला 34-13 हरवलं, ते सुट्टीत घरूनच बघितलं. एक मात्र लक्षात ठेवा, मिडटर्म आणि मोठ्या मॅच एकाच आठवड्यात येतात, प्रोफेसर तारीख बदलत नाहीत, म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत असाइनमेंट संपवायची सवय ऑगस्टपासूनच लावा. आणि थर्मल भारतातून आणा, नोव्हेंबरात त्या बाकाजवळ पाय गोठतात, दोन मोजे घाला.