कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी त्याची नोंदवही वाचा

मी हर्णै बंदरावर एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून कारखानाही बंद आणि ऑफिसला कुलूप. जुलै संपत आला की पुन्हा लाद्या भरायला सुरुवात होते, कारण १ ऑगस्टपासून बोटींना बर्फ लागतो. त्याच गडबडीत माझा कॉम्प्युटर दुपारी बंद पडायला लागला. एकला जेवायला घरी जायचे, अडीचला परत यावं तर स्क्रीन काळी आणि यूपीएसचा दिवा गेलेला. बटण दाबलं की सगळं व्यवस्थित सुरू व्हायचं. टॅलीत अर्धवट ठेवलेलं बिल मात्र गेलेलं असायचं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आले. त्यांनी लॉग, म्हणजे विंडोज स्वतःच ठेवते ती नोंदवही, उघडला, लाल खूण बघितली, तिच्यासमोरची वेळ बघितली. २ वाजून ३४ मिनिटं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही चालू करता तेव्हाच क्रॅश होतोय. विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावा लागेल." भर हंगामात मला ते परवडणारं नव्हतं, म्हणून दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत जे शिकले ते इथे लिहिते. फॉरमॅट मारला असता तर हा लॉगही पुसला गेला असता आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

लॉग उघडायला स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, यादीत 'इव्हेंट व्ह्यूअर' दिसेल. डावीकडे 'विंडोज लॉग्ज' उघडून 'सिस्टिम'वर या. हजारो ओळी दिसतील, त्यातल्या निम्म्याहून अधिक तुमच्या कामाच्या नाहीत. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' दाबा आणि 'ऑल इव्हेंट आयडीज' लिहिलेल्या चौकटीत हे आकडे स्वल्पविराम देऊन टाका: ४१, १०७४, ६००५, ६००६, ६००८. आकडे इंग्रजी टाइप करायचे. ओके केलं की फक्त चालू-बंद होण्याच्या नोंदी उरतात.

६००५ म्हणजे नोंदवही उघडली, कॉम्प्युटर सुरू झाला. ६००६ म्हणजे नोंदवही नीट मिटली, कॉम्प्युटर रीतसर बंद झाला. १०७४ कोणी आणि कशासाठी बंद केलं ते सांगते. तुम्ही स्टार्ट मेनूतून बंद केलंत तर तिथे तुमचं युजरनेम असतं. अपडेटने स्वतःहून रीस्टार्ट केलं असेल तर अनेकदा 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हे नाव दिसतं. तसं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, बिघाड कसलाच नाही.

आता ६००८. दुरुस्तीवाले चुकले ते इथेच, आणि माझ्या मते बहुतेक लोक इथेच चुकतात. ज्याची लाईट अचानक गेली तो कॉम्प्युटर 'मी बंद पडलो' असं त्या क्षणी लिहू शकत नाही. पुढच्या वेळी सुरू झाला की त्याच्या लक्षात येतं, वही मिटलेलीच नव्हती. मग तो मागच्याबद्दल लिहितो. त्यामुळे यादीत ६००८ समोर दिसणारी वेळ असते पुन्हा चालू केल्याची. ओळीवर क्लिक करून खालचा मजकूर वाचा. "द प्रीव्हियस सिस्टिम शटडाऊन ॲट..." अशी सुरुवात आहे आणि शेवटी "वॉज अनएक्स्पेक्टेड". या दोन्हींच्या मध्ये जी वेळ आणि तारीख दिलेली असते ती बंद पडल्याची. सेकंदापर्यंत तंतोतंत धरू नका, पण जवळपासची नक्की. माझ्या यादीत वेळ होती २:३४ आणि आत मजकुरात होती १:४७. म्हणजे चालू करताना काहीच बिघडत नव्हतं. पाऊण तास आधी, मी घरी जेवत असताना, बंद पडत होता.

४१ ची नोंदही अशीच पुढच्या वेळी सुरू झाल्यावर पडते. तिचा सोर्स 'कर्नल-पॉवर' आणि लेव्हल 'क्रिटिकल'. हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. पण ती नोंद एवढंच म्हणते की मागच्या वेळी नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालो. कारण शोधायचं तर खालचा 'डिटेल्स' टॅब उघडा, 'फ्रेंडली व्ह्यू' निवडा आणि दोन ओळी बघा. 'बगचेककोड' शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन बंद पडलाय, म्हणजे ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम), रॅम असल्या कशाची तरी भानगड आहे. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, इंटरनेटवर शोधताना तो कॅल्क्युलेटरच्या 'प्रोग्रामर' मोडमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) करून घ्या. उदाहरणार्थ १५९ चं होतं ९एफ, म्हणजे पॉवरच्या बाबतीत एखादा ड्रायव्हर अडकला. 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' शून्य नसेल तर कोणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं. आणि दोन्ही शून्य असतील तर वीजपुरवठा तुटला, नाहीतर यंत्र इतकं गोठलं की काहीच लिहिता आलं नाही. माझ्याकडे प्रत्येक नोंदीत दोन्ही शून्य होते.

मग मी एका कागदावर आठ दिवसांच्या वेळा उतरवल्या. तारीख डावीकडे, ६००८ च्या मजकुरातली वेळ उजवीकडे. हा कागद तुम्हीही करा, कारण स्क्रीनवर एकेक नोंद बघून त्यांतली संगती लक्षात येत नाही. सहा वेळा दीड ते दोनच्या मध्ये, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. कागद घेऊन मशीनघरात गेले.

"काका, परवा पावणेदोनला इथे काय झालं होतं?"

"पावणेदोनला? दोन नंबर लावला असंल. वहीत बघा ना, ताई."

आमचे ऑपरेटर काका दर तासाला सक्शन, डिस्चार्ज (कॉम्प्रेसरचे आत-बाहेरचे दाब) आणि ब्राइनचं, म्हणजे लाद्या गोठवणाऱ्या मिठाच्या पाण्याचं, तापमान लिहितात, आणि कुठला कॉम्प्रेसर कधी लावला, कधी थांबवला तेही. परवाची नोंद होती: दोन नंबर चालू, १:५०. आदल्या दिवशी माझ्या कागदावर १:३८, काकांच्या वहीत १:४१. त्याच्या आदल्या दिवशी १:५२ आणि १:५५. दर वेळी तीन मिनिटांचा फरक, कारण मशीनघरातलं भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे. सहाच्या सहा जुळल्या. उरलेल्या दोन दिवशी अख्ख्या बंदराची लाईट गेली होती, ते सगळ्यांना आठवत होतं.

कॉम्प्रेसरसारखी मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि क्षणभर त्या लाइनवरचं व्होल्टेज खाली येतं. तेवढ्यासाठीच यूपीएस असतो. पण आमचा यूपीएस दोन महिने कुलपात पडून होता, आणि लेड ॲसिडची बॅटरी चार्ज न होता पडून राहिली की खराब होते. व्होल्टेज पडलं की तो बॅटरीवर जायचा आणि बॅटरीत जीवच नसल्याने बंद व्हायचा. यातलं काहीच विंडोजला कळत नाही. म्हणून दोन्ही शून्य.

काही गोष्टी तुम्हाला गोंधळात टाकतील, त्या सांगून ठेवते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो. म्हणून ६००६-६००५ ची जोडी रोज दिसेलच असं नाही. अशा वेळी 'कर्नल-बूट' सोर्सची २७ नंबरची नोंद बघा: त्यात बूट टाइपच्या शेवटी ० असेल तर पूर्ण नव्याने सुरू झाला, १ असेल तर फास्ट स्टार्टअप, २ असेल तर हायबरनेशनमधून उठला. खरोखर नव्याने सुरू करायचा असेल तर शटडाऊन नको, रीस्टार्ट करा.

दुसरं, तारखा. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत बंद ठेवलेल्या यंत्राच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपला तर कॉम्प्युटर जुन्या तारखेने उठतो आणि त्या नोंदी भलतीकडे जाऊन बसतात. 'कर्नल-जनरल'ची १ नंबरची नोंद वेळ कुठून कुठे बदलली ते सांगते. खरा क्रम हवा असेल तर डिटेल्समधला 'इव्हेंटरेकॉर्डआयडी' बघा, तो घड्याळावर अवलंबून नसतो.

पिवळ्या त्रिकोणांपैकी (म्हणजे नुसत्या इशाऱ्याच्या नोंदींपैकी) 'डिस्ट्रिब्यूटेडकॉम' १००१६ खुशाल सोडून द्या, मायक्रोसॉफ्टच तसं सांगते. १०१४ म्हणजे वेबसाइटचा पत्ता वेळेत सापडला नाही, बहुधा तेव्हा नेट गेलं होतं. पण सोर्स 'डिस्क' आणि आकडा ७, ५१ किंवा १५३, किंवा 'एनटीएफएस'ची ५५ दिसली, तर हातातलं काम थांबवा. वारंवार लाईट जाऊन फाइलींची रचना बिघडली असेल किंवा डिस्कच जात असेल. आधी टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या, त्यानंतरच डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर आधी तपासणी लावली तर होतं नव्हतं ते जायची भीती असते. कुणाच्याही बाबतीत तसं व्हावं असं मला वाटत नाही.

आमच्याकडे वायरमनने ऑफिसची लाइन दुसऱ्या फेजवर टाकली आणि यूपीएसला नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी मी जेवायला उशिरा निघाले. पावणेदोनला काकांनी आतून हाक दिली, "ताई, लावतोय हां!" ट्यूबलाइट अगदी किंचित मंदावली. स्क्रीनवर बिल तसंच होतं. दुसऱ्या सकाळी फिल्टर लावून बघितलं: आदल्या संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी १०७४, माझ्या नावाने, आणि ४१ कुठेच नाही. सिस्टिम लॉग भरला की जुन्या नोंदी पुसत जातो, म्हणून आता दर शनिवारी 'सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज' करून तो तारखेच्या नावाने पेनड्राइव्हवर घेते.