घरच्या गॅरेजमध्ये किट विमान बांधायचंय? मग आधी फक्त शेपूट मागवा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना माहीतच नसतं की इथे स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणं आणि ते उडवणं पूर्णपणे कायदेशीर आहे. ओरेगनमधल्या अरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या एका कंपनीचीच ११ हजारांहून जास्त किट विमानं (म्हणजे सुटे भाग विकत घेऊन घरी जोडायची विमानं) लोकांनी बांधून उडवलीयेत. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन हे त्या कंपनीचे संस्थापक, त्यांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच आरव्ही. मी खाली जे लिहितोय ते आरव्ही धरूनच, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आणि रिवेट (ठोकून चपटे करायचे धातूचे खिळे) मारून जोडायचं विमान. लाकूड-कापड किंवा फायबरग्लासचं करायचं असेल तर हत्यारं, पद्धत सगळंच बदलतं.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, तुम्हाला बांधायचंय का उडायचंय. फक्त उडायचं असेल तर वापरलेलं चांगलं सेस्ना घ्या आणि या रविवारपासून उडा, त्यात काही कमीपणा नाही. आरव्ही-७ सारख्या विमानाला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात, म्हणजे आठवड्याला दहा तास दिले तरी तीन-चार वर्षं, आणि ते दहा तास नोकरी, मुलांचे क्लास, भारतवारी हे सगळं सांभाळून काढायचे असतात. ज्याला पत्रा हातात घेतल्यावर वेळेचं भान राहत नाही त्याचं विमान पूर्ण होतं. बाकीच्यांची अर्धवट किटं विकायला निघतात, आणि ती कायम बाजारात असतात हे पण लक्षात ठेवा, तशी किटं स्वस्तात मिळतात पण आधीच्या माणसाचं काम जाणकाराकडून तपासल्याशिवाय घेऊ नका. वेळ कमीच असेल तर आरव्ही-१२ बघा, त्यात बहुतेक सगळे पॉप रिवेट (एकाच बाजूने बसवता येणारे) असतात आणि तास बरेच कमी लागतात.

घरात आधी बोलून घ्या, खरंच बोलून घ्या. दोन गाड्यांचं गॅरेज पुरतं कारण पंख वेगळे बनतात आणि शेवटी एअरपोर्टवर नेऊनच जोडतात, पण काही वर्षं दोन्ही गाड्या बाहेर उभ्या राहणार, थंडीत सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायला लागणार, आणि संध्याकाळी रिवेट गनचा आवाज होणार. शेजाऱ्यांनाही एकदा बोलावून काय चाललंय ते दाखवा, मग तेच लोक हौसेने मदतीला येतात.

आता शेपूट. किट चार भागांत घेता येतं: शेपूट, पंख, मधला सांगाडा आणि फिनिशिंग. चारही एकदम मागवायचा मोह होतो, तो आवरा. शेपटीचा भाग सगळ्यात स्वस्त, आकाराने आटोपशीर, आणि भोकं साफ करणं, डिंपल आणि काउंटरसिंक (रिवेटचं डोकं बसायला खळगा करायच्या दोन पद्धती), रिवेट, कडा वळवणं, पुढे जे जे लागणार ते जवळजवळ सगळं त्यात येऊन जातं. शेपूट पूर्ण झाली की तुम्हाला स्वतःलाच कळतं की हे आपल्याला झेपतंय का, आवडतंय का. नाही आवडलं तर विकून टाका, थोडक्यात निभावतं. आणि शेपटीच्याही आधी व्हॅन्सचं छोटं प्रॅक्टिस किट मागवा, ते बिघडलं तरी काही बिघडत नाही.

हत्यारांत पैसे वाचवू नका पण दुकानही मांडू नका. कॉम्प्रेसर (९० पीएसआय हवेचा दाब सहज देणारा), रिवेट गन, दोन-तीन बकिंग बार म्हणजे रिवेटच्या मागून धरायचे पोलादी ठोकळे, हाताने दाबायचा स्क्विझर, डिंपल डाय आणि सी-फ्रेम, चांगलं एअर ड्रिल, कानशी, भोकाची धार काढायचं म्हणजे डीबरिंगचं हत्यार आणि क्लेको. क्लेको म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, चंदेरी ३/३२ इंचाच्या भोकाला, तांब्याच्या रंगाच्या १/८ ला, काळ्या ५/३२ ला. या शेकड्याने लागतात, पहिल्यांदाच भरपूर घ्या. सेकंडहँडही मजेत चालतात. टेबलं घरीच बनवा, ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संस्थेच्या चॅप्टर (स्थानिक शाखा) १००० चं लाकडी टेबलाचं डिझाइन फुकट मिळतं, दोन टेबलं केलीत की एकत्र लावता येतात, लांब लावता येतात, मध्ये फट ठेवता येते, सगळ्यासाठी उपयोगी. टेबल सपाट आणि लेव्हलमध्ये असलं पाहिजे, कारण टेबलाला पीळ असेल तर तो एलेव्हेटरमध्ये (शेपटीच्या हलणाऱ्या आडव्या भागात) उतरतो आणि मग काही केल्या निघत नाही.

आता मुख्य काम, भोक आणि रिवेट. विमानात हजारो रिवेट असतात आणि प्रत्येक रिवेटच्या भोकाला तुमचा हात तीन-चार वेळा लागतो, म्हणून इथे सवय चांगली लागली की विमान चांगलं होतं. पत्र्यांना भोकं कंपनीतूनच आलेली असतात. भाग क्लेकोने जोडायचे, मग प्लॅनमध्ये सांगितलं असेल तिथे भोक अंतिम मापाचं करायचं, ३/३२ च्या रिवेटला ४० नंबरचा ड्रिल, १/८ ला ३० नंबरचा. मग सगळं परत सोडायचं. हो, परत सगळं सोडायचं, आणि प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची धार साफ करायची. हत्याराने हलकी एक-दोन वळणं, बस. जोर लावून फिरवलं तर पातळ पत्र्यात भोकाची कड खोलगट होते आणि रिवेटला धरायला धातूच उरत नाही. बोटाने चाचपून बघा, धार लागली नाही पाहिजे. पत्र्याच्या कडाही कानशीने आणि स्कॉचब्राइटने इतक्या गुळगुळीत करा की नख अडकता कामा नये, कारण धातूला तडा जातो तो बऱ्याचदा अशा एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो, आणि हे विमान थरथरत शेकडो तास उडणारे.

मग डिंपल. बाहेरच्या पत्र्यावर रिवेटचं डोकं वर आलं तर हवेला अडथळा होतो, म्हणून डोकं पत्र्यात बसवायचं असतं. पातळ पत्र्याला डाय दाबून खळगा पाडतात, जाड भागाला कटरने काउंटरसिंक करतात, आणि खळग्यात खळगा नीट बसला पाहिजे. सी-फ्रेमवर हातोडीचा एक ठाम घाव द्या, दहा हळू घाव दिले की खळग्याभोवतीचा पत्रा लाटेसारखा होतो आणि रंग दिल्यावर तो सगळ्यांना दिसतो.

रिवेटची नावं बघून घाबरू नका. एएन४२६ म्हणजे सपाट डोक्याचा, एएन४७० म्हणजे गोल डोक्याचा, एडी म्हणजे मिश्रधातू, पुढचा पहिला आकडा जाडी ३२ व्या भागात आणि नंतरचा लांबी १६ व्या भागात. म्हणजे एएन४२६एडी३-४ हा ३/३२ इंच जाड, १/४ इंच लांब. मारण्याआधी रिवेट मागच्या बाजूने जाडीच्या दीडपट बाहेर यायला हवा, आणि मारून झाल्यावर मागचं चपटं डोकं जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. याचं छोटं गेज मिळतं, ते खिशातच ठेवा, डोळ्यावर विसंबू नका. स्क्विझर पोचत असेल तिथे स्क्विझरच वापरा, तो चुकत नाही. गन लागते तिथे दोन माणसं लागतात, एक गन धरणारा आणि एक मागून बार धरणारा, आणि यात घरच्या माणसाची खरी साथ होते, नवरा-बायकोने मिळून मारलेले पंख मी पाहिलेत आणि काम एक नंबर आहे. बोलायचं ठरवून घ्या, बार नीट टेकल्यावर मागचा "हां" म्हणेल आणि तेव्हाच ट्रिगर. कानांवर मफ दोघांच्याही, डोळ्यांवर चष्माही.

रिवेट वाकडा गेला तर? थांबा, चहा घ्या, मग बघा. थोडा तिरका पण मापात असेल तर बहुतेक वेळा राहू देणंच शहाणपणाचं, कारण काढताना भोक मोठं झालं तर दुखण्यापेक्षा उपाय जड होतो. काढायचाच असेल तर डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण करून फक्त डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करा, पंचने डोकं उचकटा, आणि मागून ठोकळ्याचा आधार देऊन दांडा हळू बाहेर ढकला. रात्री अकरानंतर रिवेट काढायला बसू नका.

प्रायमर (गंज रोखणारा रंगाचा पहिला थर) मारायचा का नाही यावर बिल्डर लोक कायम वाद घालतात. पत्र्यावर आधीच शुद्ध अॅल्युमिनियमचा थर असतो, म्हणून कोरड्या भागात विमान हँगरमध्ये राहणार असेल तर बरेच जण आतून काहीच मारत नाहीत. फ्लोरिडा किंवा टेक्सासच्या समुद्राकाठी राहत असाल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, जिथे दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथे मारा. पण मास्क, हवा खेळती आणि दारातून बाहेर काढणारा पंखा, याच्याशिवाय डबाही उघडू नका.

पंख आले की इंधनाच्या टाक्या येतात, त्या पंखाच्या पुढच्या भागातच असतात आणि प्रोसील नावाच्या चिकट लुकणाने बंद करायच्या. मिश्रण वजनाने दहास एक, त्यामुळे छोटा डिजिटल काटा लागतोच. हातमोज्यांचा ढीग ठेवा, हे कपड्याला लागलं की कपडा गेला. झाल्यावर सगळी तोंडं बंद करून एका नळीला फुगा लावा, अगदी थोडी हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. जास्त दाब देऊ नका, टाकी फुगून फाटते. कॅनॉपीचं म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचं अॅक्रिलिक मात्र उन्हाळ्यातच कापा, गार हवेत ते तडकतं आणि नवं फार महाग पडतं.

पैशांचं. इंजिन, प्रोपेलर आणि पॅनेलमधली इलेक्ट्रॉनिक्स मिळून सांगाड्याच्या किटपेक्षा जास्त खर्च होतो. म्हणून ती सगळ्यात शेवटी घ्या. आज घेतलेली स्क्रीन तीन वर्षं खोक्यात पडून राहिली तर उडायच्या आधीच वॉरंटी संपते आणि मॉडेलही जुनं होतं. एकाच कंपनीला मोठी आगाऊ रक्कम देऊन बसणंही टाळा, व्हॅन्ससारखी जुनी कंपनीसुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये चॅप्टर ११ मध्ये (दिवाळखोरीच्या कायदेशीर संरक्षणात) गेली होती, नंतर सावरली, पण ज्यांचे पैसे अडकले त्यांची झोप उडाली होती.

एकटे बांधू नका. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशची ईएए ही संस्था १९५३ पासून याच कामात आहे, तुमच्या जवळ तिचा चॅप्टर असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांचे टेक्निकल काउन्सिलर फुकट घरी येऊन काम तपासतात. टाकी बंद करण्याआधी, पंखाचा शेवटचा पत्रा लावण्याआधी त्यांना बोलवा, बंद झाल्यावर आतलं कुणालाच दिसत नाही.

कागदपत्रं पहिल्या दिवसापासून. निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी हौशी माणसांनीच केलेलं असलं पाहिजे असा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) नियम आहे, पैसे देऊन करवून घेतलेलं त्यात धरत नाहीत. म्हणून रोजचं काम लिहा आणि फोटोत स्वतःचा चेहरा, हात दिसू द्या. भारतात परत जाऊन हे करायचा विचार असेल तर नीट तयारीने करा, कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं (ते किट नव्हतं, त्यांचं स्वतःचं डिझाइन), २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, तरी डीजीसीएची (भारताच्या विमान वाहतूक खात्याची) नोंदणी व्हायला २०१७ आणि उडवायचं परमिट हातात यायला २०१९ उजाडलं.

शेवटी विमान एअरपोर्टवर न्या, तीन काट्यांवर वजन करा, गुरुत्वमध्य काढा, प्रत्येक नट टॉर्क रेंचने तपासून त्यावर रंगाची खूण करा. नाक चढाईच्या कोनापेक्षाही वर उचलून इंधनाचा प्रवाह मोजा, पंपवाल्या विमानात तो इंजिनाच्या जास्तीत जास्त गरजेच्या किमान १२५ टक्के हवा. मग एफएएचा इन्स्पेक्टर किंवा डीएआर (एफएएने नेमलेला खाजगी तपासनीस) येऊन बघतो आणि सर्टिफिकेट देतो. पहिल्या उड्डाणाआधी त्याच मॉडेलवर ट्रान्झिशन ट्रेनिंग (त्या विमानाची सवय करून देणारं प्रशिक्षण) घ्याच, बांधण्यात वर्षं गेली की उडण्याचा हात गंजतो. त्यानंतर चाचणीचे २५ किंवा ४० तास, सर्टिफाइड इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर २५, नाहीतर ४०. तोवर ठरलेल्या हद्दीतच उडायचं आणि हौस म्हणून कुणाला शेजारी बसवायचं नाही, अगदी आई-बाबा भारतातून आलेले असले तरी नाही. तीच कामाची वही आणि फोटो घेऊन एफएएकडे रिपेअरमन सर्टिफिकेटचा अर्जही करून टाका, ते मिळालं की त्या विमानाची दरवर्षीची तपासणी तुम्हाला स्वतःलाच करता येते.