गाजरगवत काढायचंय? मग आधी बांधाशेजारच्याला फोन लावा

पहिल्या वर्षी मी लई शहाणपणा केला. करवीर तालुक्यात आमचं पंचवीस गुंठे रान, त्यातलं सगळं गाजरगवत, म्हणजे आमच्यात ज्याला काँग्रेस म्हणतात ते (राजकारण नको, नावच तसं पडलंय), जूनमध्ये बायका लावून उपटून घेतलं आणि गणपतीला जाऊन बघतोय तर परत गुडघ्याएवढं. वरच्या अंगाचा पड तुकडा पांढराशुभ्र फुललेला, मालक पुण्यात. एका झाडाला 15 ते 25 हजार बी पडतंय, ते वाऱ्यानं येतंय, पाटाच्या पाण्यानं येतंय, ट्रॅक्टरच्या टायरच्या चिखलातनं, मुरमाच्या डंपरमधनं, शेणखतातनं पण येतंय आणि पंचगंगेचा पूर नदीकाठच्या मळीत शिरला की ते बी कुठनं कुठं जाईल सांगता येत नाही. त्यामुळं एकट्यानं करायचं काम नव्हे हे. एक अख्खी पाणंद धरा, तिच्या दोन्ही बाजूचे मालक गोळा करा, मगच खुरप्याला हात लावा.

मालक शोधायला सातबारा ऑनलाइन दिसतोय, गट नंबर टाका झालं. पण त्यावर निम्मी नावं आज्याची आणि आत्यांची असतात, कसणारा भलताच असतो, कुठं वाटेकरी असतोय. म्हणून दोघांना पण विचारा, नावावर असणाऱ्याला आणि कसणाऱ्याला. नाहीतर एकानं हो म्हटलं आणि दुसरा काठी घेऊन आला असं होतंय. गाठायची जागा म्हणाल तर ग्रामसभा नव्हे, सकाळची दूध डेअरी. कॅन घेऊन सगळे तिथं येतातच.

आणि बोलायची सुरुवात "तुमच्यातलं गवत आमच्यात येतंय" अशी अजिबात करू नका, बांधावरनं आधीच तीन पिढ्यांची भांडणं असतात. दुधावरनं सुरू करा. वैरणीतनं हे जनावराच्या पोटात गेलं की दूध कडू लागतंय, हे डेअरीत उभं राहून सांगितलं की माणूस कान देतोय बघा. मग अंगाला खाज सुटती, धाप लागती ते सांगा, घरात एकाला तरी ते झालेलं असतंच. शेवटी एवढंच विचारा, "आण्णा, आम्ही आमच्याकडनं काढत येतोय, तुमच्या बांधावर आलो तर चालंल न्हवं?" बाहेरगावच्या मालकाचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, फोटो पाठवा, आणि न विचारता कुणाच्या रानात पाऊल टाकू नका. आमच्या पुण्याच्या काकांना मी म्हटलं, हे आपल्या देशात पहिल्यांदा 1955 च्या सुमाराला पुण्यातच दिसलं, तुमच्याकडनंच आलंय तर निस्तरा की. हसले आणि हो म्हणाले.

आता काढायचं कधी? वळीव पडला की उगवतंय आणि महिन्याभरात फुलावर येतंय, म्हणून फूल यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट. नुसतं कापलं तर बुडातनं फुटतंय. हातात ग्लोव्ह्ज, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे त्यानं चहा करायचं बघावं. फूल नसलेलं असेल तर खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवा, चांगलं खत होतंय. फुललेलं मात्र उकिरड्यावर टाकू नका, तेच बी खताबरोबर परत रानात. एकदा काढून भागत नाही, ऑगस्टमध्ये एक फेरी, दिवाळीनंतर एक, आणि पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून ग्रुपवर टाका.

औषधाचं म्हणाल तर टू-फोर-डी हे तणनाशक मारायची लोकांना घाई असती, पण वाऱ्यानं ते शेजारच्या सोयाबीनवर, भाजीपाल्यावर उडालं की गवत राहिलं बाजूला आणि भांडण सुरू. रस्त्याकडेला, जिथं काही पिकवायचं नाही तिथं, शंभर लिटर पाण्यात 15 ते 20 किलो मीठ विरघळवून मारतात, शेतात मात्र मीठ नको, जमीन वाया जाईल. उसात पाचट न जाळता सरीत पसरलं तरी उगवण बरीच दबती.

पड रानाला माझं मत मेक्सिकन भुंगेऱ्याकडं. 1984 साली बंगळूरला बाहेरच्या देशातनं आणलेला किडा, पांढुरक्या पंखांवर तपकिरी पट्टे, हाच पाला खातोय. पावसाळ्यात जिथं दिसतोय तिथनं भोकं पाडलेल्या डब्यात पाल्यासकट पाच-सहाशे धरा आणि आपल्याकडच्या दाट गवतात सोडा. तिथं औषध मारायचं नाही हे सगळ्या मालकांना बजावून सांगा, आमच्यातल्या एकानं तिसऱ्याच दिवशी पंप फिरवला होता. भुंगेरा एका वर्षात चमत्कार करत नाही, हिवाळ्यात मातीत दडून बसतोय, धीर पाहिजे. जोडीला टाकळा. दिवाळीच्या आसपास त्याचं बी गोळा करून ठेवा, एप्रिल-मेमध्ये पड जागेत फेका, पावसात तो दाट उठतोय आणि गाजरगवताला जागा देत नाही.

काकांच्या तुकड्यात आम्ही तेच केलं. मजुरीचे पैसे त्यांनी गुगल पे केले आणि खाली मेसेज, कोवळ्या टाकळ्याची भाजी एसटीनं पाठवतोस का?