मुसळी मागायला आलात? आधी हे ऐका

काष्ठौषधीच्या दुकानात बसतो, त्यामुळे गल्ल्याशी वाकून हळू आवाजात "काका, ते... जोर येण्याचं काही?" विचारणारं गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं.

माल माझाच, तरी सांगतो: मुसळीची मुळी असो की आणखी काही, खाल्ल्याबरोबर कामेच्छा जागवेल असा पदार्थ नाही. शेवग्याची आमटी, डिंकाचे लाडू चवीने खा. अंगी लागतील, इतकंच. कालवांत जस्त भरपूर, पण फायदा ज्याला जस्त कमी पडतं त्यालाच. अश्वगंधेवर छोटे अभ्यास झालेत, थोडे आशादायकही आहेत. पण थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा यकृताची तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

'तासाभरात असर' म्हणणारी पुडी मात्र घेऊच नका. अशा चूर्णांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं अनेकदा सापडलंय. हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने एवढा घसरतो की जिवावर बेततं. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती तिथेच ठेवा.

मग करायचं काय? रात्री हलकं जेवा, तेही लवकर. दारू टाळा, ती माणसाला धीट करते आणि ऐनवेळी दगा देते. झोप पुरी घ्या. बायकोशी बोललात का? (इथे निम्मे लोक छताकडे बघतात.) तक्रार महिन्या-दोन महिन्यांत हटली नाही, तर साखर, रक्तदाब, थायरॉइड तपासून घ्या, मधुमेह कधीकधी असाच उघडकीला येतो. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.