धाप लागणाऱ्या माणसाची कंबरही मोजा

मी कराडजवळच्या एका गावात ब्लाउज शिवते. आईची मापं माझ्या वहीत वीस वर्षांपासून आहेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीचा ब्लाउज बेतायला घेतला, तर दंड ११ इंचांवरून साडेनऊवर आलेला आणि परकराची नाडी मात्र चार बोटं अपुरी पडत होती. वजन तेवढंच, ५८ किलो. "अगं, वाऱ्यानं पोट फुगतंय," आई म्हणाली. वारा नव्हता तो. दंडाचं मांस झडलं होतं आणि पोटावर चरबी चढली होती. काट्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

आईनं आयुष्यात विडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीच्या धुरात फुंकणी फुंकली, त्यातून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, जडला. घरात सगळे दमाच म्हणतात. धाप लागते म्हणून ती बसून राही, आणि बसून राहिल्यानं अंगातली ताकद जाऊन धाप आणखी वाढे. दर थंडीत स्टेरॉइडच्या गोळ्या व्हायच्या, त्यानं भूकही वाढायची आणि साखरही. छातीच्या दुखण्यात पोटाकडे कोण बघतं?

डॉक्टरांनी पाच गोष्टी तपासल्या: कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी, आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल. पाचातल्या तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारा बिघाड. आईची कंबर ३६ इंच, बीपी १४०/९०, साखर ११२. तिन्ही मर्यादेबाहेर. आपल्याकडे कंबरेची मर्यादा बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर, साडेपस्तीस इंच. बीपी १३०/८५ आणि उपाशीपोटीची साखर १०० झाली, तरी ती मोजणीत धरतात.

माप असं घ्या. सकाळी, चहाच्या आधी. परकराच्या नाडीवर टेप लावू नका, ती जागा खाली असते. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड बोटानं चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये खडूची खूण करा. टेप पाठीमागेही त्याच रेषेत हवी, ती हमखास खाली घसरते. आता थांबा. या माणसांचा श्वास सावकाश सुटतो, घाई केली तर माप चुकतं. श्वास नेहमीसारखा पूर्ण सुटला की आकडा वाचा. पोट आत ओढायला सांगू नका. मग खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंड मोजा. महिन्यातून एकदा पुरे, पण दम उसळलेला असताना नको.

स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबू नका. सकाळी घेतलेल्या गोळीनं साखर दुपारनंतर चढते. आम्ही चार-पाच वाजता ग्लुकोमीटर लावतो आणि आकडा डॉक्टरांना कळवतो. साखर वाढली म्हणून गोळी किंवा इन्हेलर आपल्या मनानं बंद करू नका, हे हात जोडून सांगते.

पोट कमी करायला उपास तर मुळीच नको, उरलंसुरलं मांसही जाईल. आईची एकादशी मी मोडली नाही, पण साबुदाण्याच्या जागी दही आणि राजगिऱ्याची भाकरी आली. एरवी मुगाची उसळ, अंडं, ताक. पापड-लोणचं बंद. भरल्या पोटानं श्वास कोंडतो, म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा.

चालणं अंगणातच. दोन पावलं श्वास आत, चार पावलं ओठांचा चंबू करून बाहेर. बोटाला ऑक्सिमीटर असतो. ८८ च्या खाली गेलं की बसायचं, असं आईच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा. खुर्चीतून दहा वेळा उठबस आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं, हे दंडासाठी.

बीपीची गोळी लिहून घेताना छातीचं दुखणं आधी सांगा. त्यातल्या काही गोळ्या श्वासनळ्या आवळतात. मापांची वही सोबत न्या.

परवा आईचा नवा ब्लाउज बेतला. कंबर साडेचौतीस, दंड दहाला पाव कमी. बाहीत अर्धा इंच माया ठेवली आहे.